वाचकांचे प्रश्न : दोन-तीन मॉनिटरचं टेबल नीट कसं लावावं?

घरच्या कामाच्या टेबलावर दुसरा, तिसरा मॉनिटर आला आणि त्याबरोबर वायरींचा गुंताही आला, अशी बरीच पत्रं या वेळी आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते : वायरी आधी बांधून झाल्या आणि मॉनिटरची जागा नंतर बदलावी लागली. आधी जागा, मग वीज, मग वायरी, आणि बांधाबांध सगळ्यात शेवटी, हा क्रम मनात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : माझं टेबल १२० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद आहे. त्यावर २७ इंची दोन मॉनिटर बसतील का, की टेबलच बदलावं?

उत्तर : बसतील, पण मॉनिटरबरोबर आलेल्या स्टँडवर बसवू नका. २७ इंच हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं असतं. पडद्याची आडवी लांबी सुमारे ६० सेंमी आणि उंची ३४ सेंमी भरते. चौकट धरून एकेक मॉनिटर साडेएकसष्ट सेंमीचा समजा. दोन्ही सरळ रेषेत लावले तर १२३ सेंमी होतात, म्हणजे टेबलाबाहेर तीन सेंमी. प्रत्येकी २० अंश आत वळवले तर ११६ सेंमीत मावतात, मात्र बाहेरच्या कडा वीसेक सेंमी तुमच्याकडे सरकतात.

खरी अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. स्टँडचा पाय २० ते २५ सेंमी जागा घेतो आणि पडदा भिंतीपासून बराच पुढे येतो. ६० सेंमीच्या टेबलावर मग कीबोर्डपुढे जेमतेम वीतभर जागा उरते आणि डोळे पडद्यापासून ५० सेंमीवर येतात. २७ इंचाला निदान ६० ते ७० सेंमी अंतर हवं. क्लॅम्पने (आवळायच्या शिकंज्याने) टेबलाच्या मागच्या कडेला बसणारे आर्म, म्हणजे मॉनिटर अधांतरी धरणारे सांध्यांचे हात लावले, तर स्टँडची जागा मोकळी होते आणि पडदा मागे नेता येतो.

खरेदीआधी एक गोष्ट जरूर करा. खोक्याच्या पुठ्ठ्याचे ६१ बाय ३६ सेंमीचे दोन तुकडे कापा, जिथे मॉनिटर येणार तिथे पुस्तकांच्या आधाराने उभे करा आणि तासभर त्यांच्यासमोर बसून नेहमीचं काम करा. मान किती वळते, दिवा कुठे अडतो, खिडकी उघडते की नाही, हे सगळं त्या तासात कळतं.

टेबल नवं घ्यायचंच असेल तर दोन २७ इंचींसाठी १४० ते १६० सेंमी लांबी आणि ७५ ते ८० सेंमी रुंदी धरा. तुमचं आहे तेच टेबल ठेवायचं असेल तर २४ इंची जोडी (प्रत्येकी ५३ सेंमी) किंवा ३४ इंची एकच रुंद मॉनिटर हे दोन्ही पर्याय उत्तम आहेत. ३४ इंची रुंद पडद्याची उंची २७ इंचीएवढीच असते, लांबी ८० सेंमी. मधली चौकट नाही, वायरी निम्म्या. आमच्या मते १२० सेंमीच्या टेबलाला तोच अधिक शोभतो.

प्रश्न : गॅस स्प्रिंगचे दोन आर्म बसवले. एकावरचा मॉनिटर हळूहळू खाली येतो, दुसऱ्यावरचा आपोआप वर जातो. आर्म सदोष आहेत का?

उत्तर : बहुधा नाहीत. त्यांचा ताण तुमच्या मॉनिटरच्या वजनाला जुळवायचा राहिला आहे. प्रत्येक आर्मवर वजनाची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ २ ते ९ किलो. या मर्यादेची दोन्ही टोकं महत्त्वाची. मॉनिटर वरच्या आकड्यापेक्षा जड असेल तर कितीही पिळलं तरी तो खाली येणार, आणि खालच्या आकड्यापेक्षा हलका असेल तर वरच जाणार. वजन स्टँड काढून मोजायचं. खोक्यावरच्या वजनात बहुतेकदा स्टँडही धरलेला असतो.

वजन मर्यादेत बसत असेल तर मॉनिटर आर्मला लावूनच ताण जुळवा. आर्म जमिनीला समांतर आणा, एका हाताने मॉनिटर धरून ठेवा आणि सांध्याजवळच्या स्क्रूत अॅलन की (षटकोनी टोकाची चावी) घालून फिरवा. खाली येत असेल तर अधिकच्या खुणेकडे, वर जात असेल तर उण्याच्या. अर्ध्या फेऱ्याने काहीच फरक दिसत नाही आणि लोक तिथेच हात टेकतात. कधी दहा, कधी पंधरा फेरे लागतात. दर तीन-चार फेऱ्यांनी हात सोडून पाहा.

मॉनिटर जागेवर राहतो पण पुढे मान टाकतो, ही तक्रार वेगळी. तिचा स्क्रू पडद्यामागच्या सांध्यात असतो आणि तो साधा घट्ट करायचा असतो. ताणाचा स्क्रू त्यासाठी फिरवत बसू नका.

आणि हे कळकळीने सांगतो : रिकामा आर्म खाली दाबलेल्या अवस्थेत कधीही सोडू नका. त्यातली स्प्रिंग पाच-सहा किलो उचलायला बनवलेली असते. वजन नसताना तो आर्म तोंडावर येऊ शकतो. मॉनिटर काढायचा झाला तर आधी आर्म पूर्ण वर न्या, मगच स्क्रू सोडा.

मॉनिटरच्या पाठीमागची, आर्म बसवायची चार भोकं ७५ किंवा १०० मिमी अंतरावर असतात आणि बहुतेक मॉनिटरना एम४ मापाचे स्क्रू लागतात. भोकं खोलगट जागेत असतील तर आर्मची पट्टी आत बसत नाही. तेव्हा मध्ये नळीसारखे स्पेसर आणि तेवढेच लांब स्क्रू लागतात. स्पेसर नसताना लांब स्क्रू वापरला तर तो आतल्या भागांना जाऊन टेकतो. हाताने फिरवताना अचानक अडला तर थांबा, जोर लावू नका. ड्रिल मशीनने तर हे स्क्रू मुळीच पिळू नयेत. काही स्वस्त मॉनिटरना पाठीमागे ही भोकंच नसतात, म्हणून आर्म मागवण्याआधी मॉनिटर उलटा करून पाहा.

प्रश्न : टेबलाचा वरचा भाग काचेचा आहे. क्लॅम्प चालेल का?

उत्तर : काचेला क्लॅम्प लावू नये, रबरी पट्टी घालूनही नाही. आर्मचा सगळा भार दोन-तीन इंचांच्या जागेवर येतो आणि मॉनिटर पुढे ओढला की तो कडेला उचकटतो. भिंतीवर बसणारा आर्म किंवा साधा स्टँड वापरा.

पोकळ टेबलांचंही तसंच. वरून जाड दिसतं, आत पुठ्ठ्याची जाळी असते, आणि क्लॅम्प आवळला की पृष्ठभाग आत दबतो. बोटाने ठोकून पाहा, ढबढब आवाज आला तर पोकळ समजा. पार्टिकल बोर्ड भरीव असेल तर क्लॅम्पच्या वर आणि खाली एकेक पोलादी पट्टी घाला, म्हणजे भार पसरतो. खाली लोखंडी चौकट किंवा आडवी पट्टी कुठे आहे तेही वाकून पाहा. कित्येकदा नेमकी क्लॅम्पच्या जागी ती आडवी येते. टेबल भिंतीला चिकटून असेल तर दुमडलेल्या आर्मचं कोपर मागे जायला जागा उरत नाही. टेबल थोडं पुढे घ्या किंवा आर्म बाजूला पसरेल असा बसवा.

प्रश्न : दोन मॉनिटर, लॅपटॉप, डॉक (लॅपटॉपला एकाच वायरीने बाकीची उपकरणं जोडणारा डबा), स्पीकर, दिवा, राउटर. टेबलाखाली वायरींचं जंगल झालं आहे. दोनदा टाय लावून बांधलं, दोन्ही वेळा महिन्यात पुन्हा कापावं लागलं. कायमचा उपाय सांगा.

उत्तर : टाय कापावे लागले, कारण ते एकदाच वापरायचे असतात आणि टेबल सतत बदलतं. आज माउस बदलला, उद्या चार्जर. म्हणून पहिला बदल : प्लास्टिकचे टाय सोडा, वेल्क्रोच्या पट्ट्या घ्या. एक सेंमी रुंदीचा पाच मीटरचा गुंडाळा घेतला की हव्या तेवढ्या लांबीचे तुकडे कापता येतात. प्लास्टिकचा टाय करकचून आवळला तर केबलच्या आतल्या तारा दबतात हेही आहेच.

आता क्रमाने. सगळं बंद करा आणि सगळ्या वायरी काढा. हो, सगळ्या. अर्धवट काढून हे काम होत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून त्यावर नाव लिहा : "डावा मॉनिटर वीज", "डावा मॉनिटर चित्र", "डॉक". काळे अॅडॉप्टर एकसारखे दिसतात आणि १२ व्होल्टच्या उपकरणाला १९ व्होल्टचा अॅडॉप्टर लागला तर ते जळू शकतं, म्हणून अॅडॉप्टरवरही नाव लिहा.

मग वीज. टेबलाच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेपासून पाच-सात सेंमी आत, जाळीदार धातूचा ट्रे स्क्रूने बसवा. स्क्रू टेबलाच्या जाडीपेक्षा आखूड हवेत. १८ मिमीच्या फळीला ट्रेच्या पत्र्यासकट १५ मिमीचा स्क्रू पुरतो. चिकटपट्टीवर विसंबू नका, अॅडॉप्टरच्या वजनाने आणि उष्णतेने ती काही आठवड्यांत सुटते. ट्रेमध्ये एक्स्टेंशन बोर्ड ठेवा. सहा उपकरणं असतील तर आठ सॉकेटचा घ्या, कारण रुंद अॅडॉप्टर शेजारचं सॉकेट झाकतो. २७ इंची मॉनिटर साधारण ३० ते ५० वॅट घेतो, लॅपटॉप ६५ ते १००. म्हणजे सगळं मिळून ३०० वॅटच्या आसपास, एका चांगल्या बोर्डाला हे जड नाही. पण त्याच बोर्डावर हीटर किंवा लेझर प्रिंटर लावू नका, आणि एका बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका. अॅडॉप्टरमध्ये बोटभर अंतर ठेवा, त्यांना कापडात किंवा बंद डब्यात कोंबू नका. उरलेल्या विजेच्या वायरीचं घट्ट वेटोळं करून ठेवलं तर तीही तापते. सैल, लांबट घडी करा.

इतकं झालं की टेबलापासून भिंतीपर्यंत एकच विजेची वायर जाते. राउटर टेबलाजवळ नसेल तर तिच्या सोबतीला एक नेटवर्कची. पसारा कमी झाल्याचं पहिल्यांदा इथे जाणवतं.

आता मॉनिटरच्या वायरी. वीज आणि चित्र, दोन्ही आर्मच्या अंगाने खाली आणा, पण प्रत्येक सांध्यापाशी चार बोटांएवढा झोल सोडा. बांधण्याआधी आर्म पूर्ण पुढे ओढा, पूर्ण वर न्या, आडवा-उभा फिरवा. वायर कुठेही ताणली जात नाही याची खात्री झाल्यावरच वेल्क्रो लावा. बहुतेक बिघाड इथेच होतात : मॉनिटर मागे असताना वायर मापात बांधली जाते, मग कुणीतरी पडदा पुढे ओढतं आणि सगळा ताण प्लगवर येतो. सॉकेट हळूहळू ढिलं होतं आणि चित्र अधूनमधून जातं. दीड मीटरची केबल सरळ मोजून पुरते असं वाटतं, पण आर्मच्या अंगाने जाताना अपुरी पडते. दोन मीटरची घ्या. तीनपेक्षा जास्तही नको, उरलेली लांबी शेवटी ट्रेमध्येच कोंबावी लागते.

विजेच्या वायरींचा एक जुडगा, चित्राच्या आणि यूएसबीच्या वायरींचा दुसरा. रोज काढ-घाल होणारी लॅपटॉपची वायर कुठल्याच जुडग्यात नको. ती मोकळी ठेवून टेबलाच्या कडेला एका क्लिपमध्ये अडकवा, म्हणजे काढल्यावर मागे घरंगळत नाही.

टेबल वर-खाली होणारं असेल तर टेबल सर्वांत उंच करूनच मोजमाप घ्या. ते ७० वरून १२० सेंमीवर गेलं तर भिंतीकडे जाणाऱ्या वायरीला तेवढी ५० सेंमी जास्त लांबी लागते. नाहीतर पहिल्याच वेळी प्लग उपसला जातो.

पडताळणी सोपी आहे. कुठलीही एक वायर निवडा आणि ती काढून परत लावा. त्यासाठी दुसऱ्या वायरीची एकही पट्टी सोडावी लागली नाही, तर काम चांगलं झालं आहे.

प्रश्न : लॅपटॉपला डॉकवरून दोन मॉनिटर जोडले. दोन्हीवर एकच चित्र येतं. वेगळं चित्र कसं आणायचं?

उत्तर : विंडोज असेल तर आधी विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून "एक्स्टेंड" निवडा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मॅक असेल तर कारण बहुधा डॉकमध्ये आहे. अनेक डॉक एकाच डिस्प्लेपोर्टच्या (चित्र पाठवणाऱ्या जोडणीच्या) वाटेने दोन चित्रं पाठवतात, त्या पद्धतीला एमएसटी म्हणतात. विंडोजला ती चालते, मॅकओएस मात्र अशा डॉकवर दोन्हीकडे तेच चित्र दाखवतं. थंडरबोल्टचा (टाइप-सीच्याच आकाराच्या, अधिक वेगवान जोडणीचा) डॉक घ्या किंवा एक मॉनिटर डॉकला आणि दुसरा थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा. तत्पूर्वी लॅपटॉपची स्वतःची मर्यादा पाहा. एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एम३ चं एअर झाकण मिटलेलं असेल तर दोन चालवतं, आणि एम४ चं झाकण उघडं असतानाही दोन. ही मर्यादा ओलांडायची तर डिस्प्लेलिंकचा डॉक लागतो. तो चित्र यूएसबीवरून पाठवतो आणि त्यासाठी सॉफ्टवेअर बसवावं लागतं. कागदपत्रं, मेल, तक्ते यांना तो छान चालतो, वेगवान खेळांसाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठी घेऊ नये.

टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून चित्र येईलच असं नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेसारखी थंडरबोल्टची खूण आहे का ते बघा, नाहीतर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोधा.

डेस्कटॉपवाल्यांची वेगळीच गफलत होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना एक वायर कार्डला आणि दुसरी वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला लागते. दोन्ही वायरी खालच्या, कार्डाच्या आडव्या पट्टीत लावा.

प्रश्न : २७ इंची आणि २४ इंची असे दोन मॉनिटर आहेत. माउसचा बाण मधल्या कडेवर अडकतो आणि पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी एकीकडून दुसरीकडे नेली की अक्षरं एकदम मोठी होतात.

उत्तर : तुमच्या २७ इंचीचं रेझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे आणि उभे ठिपके) २५६० बाय १४४० आणि २४ इंचीचं १९२० बाय १०८० असावं, ही नेहमीची जोडी आहे. पहिल्यावर इंचाला १०९ ठिपके बसतात, दुसऱ्यावर ९२. तेच अक्षर २४ इंचीवर जवळपास अठरा टक्के मोठं दिसणारच. डिस्प्ले सेटिंगमध्ये २७ इंचीचं स्केल १२५ टक्के करा, अक्षरं जवळजवळ सारखी होतील. मोठा मॉनिटर ४के (३८४० बाय २१६०) असेल तर १७५ टक्के केल्यावर तो २४ इंचीशी जुळतो.

बाण अडकतो तो उंचीच्या फरकामुळे. एकाची उंची १४४० ठिपके, दुसऱ्याची १०८०. मधल्या ३६० ठिपक्यांच्या पट्ट्यात पलीकडे काहीच नाही, म्हणून तिथे भिंत लागते. सेटिंगमधल्या चौकोनांपैकी लहान चौकोन वर-खाली ओढून टेबलावर मॉनिटर जसे आहेत तसे लावा. पूर्ण जुळणार नाही. तुम्ही बाण सर्वाधिक वेळा जिथून पलीकडे नेता, बहुतेकांचा तो मध्यभाग असतो, तिथे तो सरळ रेषेत जातो एवढं पाहा.

प्रश्न : खुर्चीवरून उठलं की एक मॉनिटर क्षणभर काळा होतो. केबल बदलली, तरी तेच.

उत्तर : खुर्चीतल्या गॅसच्या दांड्यामुळे हे होऊ शकतं. उठता-बसताना तिथे स्थिर विजेची ठिणगी पडते, तिची लहर जवळच्या केबलमध्ये शिरते आणि मॉनिटर क्षणभर संकेत हरवतो. चित्राच्या केबल जमिनीवर खुर्चीजवळ पडल्या असतील तर त्या वर ट्रेमध्ये घ्या. केबल आखूड आणि चांगल्या आवरणाची वापरा, मध्ये जोडणी किंवा कन्व्हर्टर असेल तर तो काढा. टोकाशी फेराइटचा, म्हणजे अशी लहर अडवणारा काळा मणी अडकवल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

प्रश्न : दोन मॉनिटर घेतल्यापासून मान उजवीकडून दुखते. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे.

उत्तर : तुमची खुर्ची बहुधा दोन मॉनिटरच्या मधोमध आहे आणि काम मात्र उजव्या पडद्यावर चालतं. दिवसाचा बराचसा वेळ जो पडदा वापरता तो नाकासमोर आणा, दुसरा त्याच्या कडेला लावून साधारण ३० अंश आत वळवा. दोन्ही सारखेच वापरत असाल तरच मधली फट नाकासमोर ठेवा.

उंचीचा सर्वसाधारण नियम असा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्म्याला तो नियम लागू पडत नाही. त्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो, म्हणून तुम्ही नकळत हनुवटी वर करून वाचता. पडदा आणखी ५ ते १० सेंमी खाली घ्या आणि वरची कड थोडी मागे झुकवा. दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सगळं टेबल आवरलं, डॉक ट्रेमध्ये लपवला. आता वायरलेस माउस अडखळत चालतो.

उत्तर : माउसचा रिसीव्हर डॉकच्या यूएसबी ३ पोर्टात असणार. त्या पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि रिसीव्हरही त्याच लहरींवर चालतो. त्यात आता धातूचा ट्रे आणि टेबलाची फळी मध्ये आली. अर्धा-एक मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेंशन वायर घ्या, रिसीव्हर तिच्या टोकाला लावा आणि टेबलाच्या खालच्या पृष्ठभागावर, माउस जिथे फिरतो त्याच्या बरोबर खाली किंवा मॉनिटरच्या पायाशी चिकटवा. माउस ब्लूटूथवरही चालत असेल तर तेही करून पाहा, फक्त ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच असतं, त्यामुळे लॅपटॉप ट्रेच्या आत ठेवू नका.